बकासुराचे दात

सन १९३६, पोळ्याआधीचा रविवार. जागा नागपुरात सीताबर्डीवरच्या एका वकिलांचा दिवाणखाना. हजर वकीलसाहेब, मुंबईहून चित्रकला शिकून आलेला त्यांचा भाचा, सहा पाहुणे आणि मी, महाल पेठेतला कोष्टी. तिथे एका पाहुण्याने भजी खाल्लेल्या बोटाने माझा ओठ उचलून माझे दात पाहिले.

भिंतीवर भाच्याचं नवं चित्र होतं. बकासुर. नव्या पद्धतीचं, हिरवं-काळं, अंग मोडून काढलेलं. त्यासाठी भाचा तीन रविवार माझ्या घरी बसला होता. "विणकराचं चित्र काढतो," म्हणाला होता. बैठकीचे आठ आणे. दीड रुपया मी घेतला. मला 'चित्र बघायला ये' म्हणून बोलावलं होतं.

पाहुणे अर्थ लावत होते. "कमरेपर्यंत जमिनीत. पाताळातून वर येतोय." "हात वर, घास ओढतोय." "खालच्या लोकांची हाव आहे ही."

मी पाहिलं. तो खड्डा माझ्या हातमागाचा. त्यात पाय सोडून मी रोज दहा तास बसतो. वरचा हात आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढत होता. दात माझेच होते.

"साहेब, हे पाताळ नाही. मागाचा खड्डा हाये. मी बसतो त्यात."

सगळे हसले. एक पाहुणा म्हणाला, "मग दात ताडून पाहू. उघड तोंड."

तेव्हा ते बोट आलं. तेलकट, पानाचा वास मारणारं. आणि मी तोंड उघडलं. दोन मुलींचा बाप मी, बैलबाजारातल्या बैलासारखा उभा राहिलो. जिभेला तेल लागलं.

"आणखी मोठं," वकीलसाहेब म्हणाले. "थांब, आतून मंडळींना बोलावतो."

मी त्या पाहुण्याचं बोट बाजूला केलं.

"आता नाही."

भाचा जवळ आला. "काका, ही कला आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"तुमी माह्या पोरीच्या हातचं पाणी प्याले, अन् मले राक्षस केलं. एवढं कळते."

घरी येऊन चार वेळा चूळ भरली. सकाळी परत द्यायला डब्यातून ते पैसे काढले तेव्हा बायको म्हणाली, "काहून जी? मेहनतीचे होते ना?"

"होते. पण या चित्राले माहा होकार नाही. तसं त्याहीनं लिहून द्यावं."

वकीलसाहेब आधी हसले. मी त्यांच्या ओसरीवरून हललो नाही. पाच अशील बघत होते. शेवटी त्यांनी लिहिलं, 'चित्रास संमती नाही, सबब बैठकीची रक्कम परत.' खाली सही.

माझ्या घरात पुन्हा कोणी असा चित्र काढत बसणार नाही. मी नसेन तेव्हाही नाही, हे मुलींना सांगितलं आहे.

दिले एक रुपया आठ आणे, वकीलसाहेबांच्या हातात, सर्वांसमक्ष.