देवरावभाऊंची धडधडणारी गाडी

देवरावभाऊ चहासुद्धा उभ्यानेच पीत. एका हातात कप, दुसऱ्या हातात पेचकस आणि नजर अंगणातल्या जुन्या पांढऱ्या मारुतीवर. वर्ध्याजवळच्या सेलूत त्यांचं नि आमचं घर भिंतीला भिंत लागून. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यावर या माणसाला रिकामपण सोसेना, आणि ते सारं त्या गाडीला भोगावं लागलं.

मोडक्या कूलरचा पत्रा कापून त्यांनी डिकीवर पंख बसवला. मग हेडलाइटला रबराच्या काळ्या पापण्या आल्या, खिडक्यांना सोनेरी झालर, छताला आतून गुलाबी रेक्झिन. मी एकदा म्हटलं, "भाऊ, जरा जास्तच होऊन राह्यलं नाई?"

"साधी गाडी तं कोनाची बी असते बाप्पा," ते म्हणाले आणि पुन्हा बोनेटखाली वाकले.

त्यांचा मुलगा नीलेश नागपूरला नोकरीला. रविवारी घरी यायचा, पण त्या गाडीत बसायला लाजायचा. बसलाच तर गाण्यांवरून जुंपायची. भाऊंना बासरी-सतारीची जुनी गाणी लागत, नीलेशला ठोक्यांवर भराभर बोललेली.

"हे गानं हाय का पिठाची चक्की?"

"बाबा, तुमचं गानं सुरू होईपर्यंत बुटीबोरी येते!"

मग भाऊंनी डिकीत मोठा स्पीकर बसवला. तो काढून त्याहून मोठा आणला. गल्ली हादरायची, मी कुरकुरायचो, तरी त्यांचं समाधान होईना. सारखं तारा उपटायचे, जोडायचे. "बासरी दबून राह्यली," एवढंच म्हणायचे.

एका रविवारी नीलेश वैतागून गाडीत शिरला आणि त्याने भाऊंचं गाणं नीट ऐकलं. "बाबा, बासरी तर साफ वाजते." भाऊंनी स्पीकरला कान लावला. "कुठी?" त्यांनी विचारलं. नीलेशने मागून दोनदा हाक मारली. भाऊ वळलेच नाहीत.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या नसा कमजोर झाल्यात, बारीक सूर आता परत यायचे नाहीत. यंत्र मिळालं. भाऊंनी ते दोन दिवसांत काढून ठेवलं. "सारे डब्यातून बोलतात." गाडीला त्यांनी हात लावणं सोडलं. अंगणात नुसत्या येरझारा घालत.

पुढच्या वेळी नीलेशने त्यांना बळेच गाडीत बसवलं आणि स्वतःचं गाणं लावलं. खिडक्या थरथरल्या. भाऊंनी छातीवर हात ठेवला. "थांब. बंद नको करू. हे इथं लागून राह्यलं." बाप-लेक केळझरपर्यंत जाऊन आले. गल्लीतून परतताना जो तो डोकावत होता, आणि नीलेश काच खाली करून गाडी चालवत होता.

मग दर रविवारी तेच. मी विचारलं, "भाऊ, काही समजते का त्यातलं?"

"काईच नाई. पन पोरगं काय ऐकते थे तं कळते."

मागच्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. पाहुणे पांगल्यावर एका सकाळी अंगणातून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ झाला, पण ती जागची हलेना. मी गेलो, दार उघडून नीलेशच्या शेजारी बसलो.

"कुठी जाचं?"

"माहीत नाई, काका."

"चाल मग," मी म्हटलं.