कोऱ्या कागदाची पट्टी

नारायण पेठेतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात परदेशी निघालेल्या नर्सेसची गर्दी असे. मी मात्र माझ्या वारलेल्या पत्नीचं नाव परदेशातल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीतून कमी करण्यासाठी कागद पाठवायला गेलो होतो. काही वर्षं ती तिथं नोकरीला होती. आपल्या दुखण्याचं नाव तिनं शेवटपर्यंत कोणाला कळू दिलं नव्हतं, आणि माझ्या हातातल्या हॉस्पिटलच्या कागदावर ते ठळक छापलेलं होतं.

दुकानदार उतारवयाचे होते. कौन्सिलचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, माझा कागद मात्र वाचलाच नाही.

"यांना नाव आणि मृत्यूची तारीख हवी आहे. बाकीचं झाकू या."

"चालेल त्यांना?"

"अहो, त्यांनी विचारलेलंच नाही. आपल्याकडे लोकांना हौस, सगळा संसार स्कॅन करून पाठवायची. कुठून कुठपर्यंत झाकायचं, तेवढं बोट ठेवून दाखवा."

मी बोट ठेवलं, तेव्हा ते रस्त्याकडे पाहत होते. मग त्यांनी कोऱ्या कागदाची पट्टी कापून तिथं चिकटवली. झोपलेल्या माणसाच्या खोलीतून कोणी दिवा घेऊन हळूच जावं, तसा यंत्राचा उजेड कागदाखालून गेला. मेल पोचल्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून ती फाइल पुसली.

"आता माझ्याकडेही नाही."

तेरा दिवस जो तो मला विचारत होता, "कशानं गेल्या?" या माणसानं विचारलं नाही.

घरी येऊन पाहिलं, तर पट्टी कागदावर तशीच होती. वर तिचं नाव, खाली तारीख. मी ती पट्टी अजून काढलेली नाही.