कात्री थांबलीच नाही

कात्रीमावशीच्या पार्लरमध्ये केस कापायला जायचं तर घरी सांगून निघावं लागे. कारण केस कापता कापता मावशी पाहिलेला सिनेमा सांगायची, आणि गोष्ट ऐन रंगात आली की तिची कात्री हवेतच थांबायची. उडणाऱ्या पोस्टमनचं ते कार्टून आलं तेव्हा तर कहर झाला. हा ढेरपोट्या पोस्टमन श्वास रोखला की उडायचा आणि बोलायला तोंड उघडलं की धप्पकन खाली. आता आगीत अडकलेल्या पोरीला 'उडी मार' म्हणायचं कसं? इथे कात्री अशी थांबली की खुर्चीतल्या शिंपीणबाई कितीतरी वेळ एका बाजूने बॉबकट नि दुसऱ्या बाजूने लांब केस अशा बसून. तक्रार? छे. उलट म्हणाल्या, "केसांचं राहू दे गं, पोरीचं सांग."

त्यामुळे दुसरा भाग येतोय म्हटल्यावर मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. गल्ल्यावर बसणाऱ्या नणंदेला मात्र भिंतीवर टीव्ही हवा होता. म्हणजे गिऱ्हाइकं गप्प आणि कामं भराभर.

"वन्सं, लागली पैज," मावशी म्हणाली. "दुसरा भाग सांगताना एक जरी बाई पेंगली तर लावा तुमचा टीव्ही. मग मी चकार शब्द काढणार नाही."

पहिलाच खेळ बघून मावशी आली. पार्लर गच्च भरलेलं, खुर्चीत पुन्हा शिंपीणबाई. मावशीने झोकात सुरुवात केली. आता पोस्टमनला जादूचा पट्टा मिळालाय. उडता उडता तो बोलतो, गातोसुद्धा. खलनायक एक सोडून तीन. शहर पुरलं नाही म्हणून चंद्रही फोडलाय. कात्री आपली कचकच चालूच. मध्यंतराच्या आत शिंपीणबाईंचे केस कापून तयार, खुर्चीत पुढचं गिऱ्हाईक, आणि बाकावर बँकेतल्या बाई चक्क घोरत होत्या.

नणंद टीव्हीसाठी भिंत मोजायला टेप घेऊन स्टुलावर चढली.

मावशीने हातातल्या कात्रीकडे पाहिलं. "मेली थांबलीच नाही की," ती पुटपुटली, आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "अहो, तो पडतच नाही. मागच्या खेपेला आपणही त्याच्याबरोबर श्वास रोखून बसलो होतो. आता त्यालाच भीती नाही, तर मी कशाला घाबरू? चंद्र फुटो नाहीतर सूर्य."

"हरलात म्हणा सरळ, वहिनी."

"हरले. पण टीव्ही लागायच्या आधी शेवट तेवढा माझ्या पद्धतीने करते. तर बरं का, चंद्राजवळ गेल्यावर पट्ट्याचं बक्कल तुटलं. आता पुन्हा श्वासाचाच आधार. खाली चंद्राचा तुकडा निघालाय आणि अख्खं गाव गाढ झोपेत. उठवायचं तर ओरडायला हवं, आणि ओरडलं तर..."

कात्री थांबली. बँकेतल्या बाई डोळे चोळत सरसावून बसल्या. स्टुलावरच्या नणंदेच्या हातातून टेपचं टोक सुटलं आणि टेप सर्रकन गुंडाळली गेली.

"तर काय, वहिनी?"

"सांगते ना," मावशी म्हणाली. "आधी स्टुलावरून खाली या. पुढचं ऐकताना माणसं पडतात."