सामानापाशी कोण थांबणार?

माझी आई जर्मनीत जाऊनही सामान राखत बसली, हे इथे संभाजीनगरात कोणाला सांगितलं की लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

नवऱ्याला वाळूजच्या कंपनीने वर्षभरासाठी तिकडे पाठवलं होतं. उन्हाळ्यात आईला बोलावून घेतलं. एक गाडी, एक तंबू, मागे कुकर आणि ज्वारीच्या पिठाचा डबा, असे आम्ही तिघं आठ दिवस फिरायला निघालो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका जुन्या गावाच्या खाली, नदीकाठच्या कॅम्पिंगच्या मैदानावर उतरलो. वर टेकडीवर गाव. तटबंदी, वेशी, लाकडी चौकटींची वाकडी घरं आणि मधोमध उंच मनोरा. गाव बघायला दुसरा दिवस तेवढा हातात होता.

सकाळी आईला तयार व्हायला सांगितलं, तर म्हणाली, "तुमी या बघून. मी हाय सामानापाशी."

माझं डोकंच फिरलं, कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबा होते तेव्हा पाहुणे आले की त्यांना अजिंठ्याला न्यायचे. लेण्यांच्या पायथ्याशी माकडं डबे पळवतात म्हणून कोणीतरी खाली थांबायचं, आणि ते कोणीतरी म्हणजे दर वेळी आई. आम्ही वरून परत यायचो तेव्हा ती झाडाखाली पिशव्यांवर हात ठेवून बसलेली असायची. मग आम्हाला पोळ्या वाढायची. बाई फुलंब्रीची, अजिंठा दोन तासांवर, आणि लेणी तिने आतून पाहिलेली नाहीत. निदान इथे तरी तिने सामान सोडून काहीतरी डोळे भरून पाहावं, एवढ्यासाठी मी ही सगळी सहल आखली होती.

मी समजावून पाहिलं. इथे माकडं नाहीत, चोर नाहीत. शेजारच्या तंबूतली म्हातारी, जिच्या शेजारी उभं राहून आईने सकाळी नळावर हसत हसत भांडी घासली होती, ती लेकीनातवंडांबरोबर केव्हाच वर गेली होती. त्यांच्या खुर्च्या, स्टोव्ह, सगळं उघड्यावर होतं. आईचं म्हणणं, त्यांचं ते जाणोत, आपला कुकर गेला तर काय करायचं? नवऱ्याने कुकर गाडीत टाकून कुलूप लावलं. मग तिला दोरीवरच्या साडीची काळजी लागली. मग म्हणे, वेशी काय, आपल्या शहरात कमी आहेत का?

बारा वाजले. शेवटी मी ओरडले, "जा तू. मी बसते सामानापाशी. जन्मात एकदा तरी जाऊन बघ." आजूबाजूच्या तंबूंतली माणसं वळून बघायला लागली. आई उठली, पदर सारखा केला आणि जावयाच्या मागून चालू लागली.

मी तिच्या जागेवर बसले. राखण करणं म्हणजे खरं तर काहीच करायचं नसतं. साडी हलते, बदकं येतात, जातात. अर्ध्या तासात मोबाइलही नकोसा झाला. वर गाव दिसतं, घंटा ऐकू येतात, आणि उठून जाता येत नाही. मी आईवर चिडले, बाबांवर चिडले, अजिंठ्याच्या माकडांवरही चिडले.

तीन तासांनी दोघं परत आली. मनोरा कसा होता, मी आईला विचारलं. नवराच म्हणाला, "आई वर चढल्याच नाहीत."

मनोऱ्याच्या पायरीवर शेजारच्या तंबूतली तीच म्हातारी सगळ्यांच्या पिशव्या घेऊन बसली होती. घरचे वर गेले होते. आई तिच्याजवळ जाऊन बसली, एक हात पिशव्यांवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिला वर जायची खूण केली. म्हातारी दोनतीनदा नको म्हणाली, मग उठून गेली. मनोरा झाला, शेजारचं चर्च झालं, दीड तासाने ती खाली आली. तोवर आई त्या पायरीवरून हलली नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी इथे तीन तास बसले ते काय तू तिथे जाऊन लोकांचं सामान राखावंस म्हणून, असं मी तिला सरळ विचारलं.

आई गाडीतून कुकर काढत होती. तशीच म्हणाली, "लेकरं समदी वर गेलती अन् ती एकटी खाली. तिला बी कुणीतरी म्हणायला पायजे का नाय, जा, बघून ये म्हणून?"

मी अजिंठ्याला पाचसहा वेळा तरी वर गेले असेन. तिला असं म्हणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, तेही ओरडून.