घडीवाल्यांची एक दिवसाची नोकरी

आमच्या शेजारच्या घडीवाल्यांनी कापडगिरणीत बावीस वर्षं एकच काम केलं: कापडाच्या घड्या घालणं. मग घड्या घालणारं यंत्र आलं आणि गृहस्थ घरी बसले ते सहा वर्षं. अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येत. "आणखी काय येतं तुम्हाला?" मी विचारी. बराच विचार करून ते म्हणत, "सर, चादरीचीही घडी येते."

वहिनी इस्पितळात सफाईला जात. पाण्याच्या बादल्या उचलून उचलून त्यांची पाठ धरली होती. डॉक्टर म्हणाले होते, ओझं बंद. पण यांना काम लागेपर्यंत ते बंद करणार कसं?

अखेर तयार कपड्यांच्या एका दुकानाने त्यांना एक दिवस पारखायला बोलावलं.

"जीव मुठीत धरून बसलेय मी," वहिनी म्हणाल्या. "तिथे शहाणपणा पाजळू नका."

दुपारी मी मुद्दाम डोकावलो. शर्टांचे ढीग असे, की फूटपट्टी लावून पाहावी. एका बाईंनी वरचा शर्ट उचलून झटकला मात्र, घडीवाल्यांचा चेहरा थोबाडीत खाल्ल्यासारखा झाला.

"ताई, काय बघायचंय?"

"लांबी."

"अठ्ठावीस इंच. मोडता कशाला? मी सांगतो ना!"

"अहो, मुलाच्या अंगाला लावून बघायचाय."

"लावा की. घरी."

संध्याकाळी मालक म्हणाला, "काका, तुमच्या ढिगातला एकही शर्ट खपला नाही."

"आणि एकही विस्कटला नाही, साहेब!" काका अभिमानाने म्हणाले.

संपली नोकरी. ऐकून वहिनी हसत सुटल्या आणि मध्येच कळवळल्या, "अहो, हसवू नका, कळ येते." घडीवाल्यांचं मात्र हसू मावळलं.

सकाळी वहिनी निघाल्या, तर हे मागोमाग. इस्पितळाच्या दारात मुकादमाने अडवलं.

"तुम्ही कोण?"

"हिचा नवरा. बादल्या मी उचलणार. पगार हिचाच असू द्या."

मुकादमाने एकवार वहिनींच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं आणि दोघांनाही आत सोडलं.

याला चार महिने झाले. कागदोपत्री घडीवाले अजून बेकारच आहेत. परवा वहिनी भेटल्या.

"पाठ काय म्हणते?" मी विचारलं.

"पाठ उत्तम आहे, सर," वहिनी म्हणाल्या. "पण दिवसभर मागे मागे फिरून 'इथे राहिलं, तिथे राहिलं' करतात ना हे, त्याने डोकं उठलंय."