झोपाळ्यावरची ही, अखेर डोळ्यांसकट

बापू, गुडघा काय म्हणतो? शालूताई, खोकला गेला का? मुंबईकर अण्णा, गोड कमी केलंत ना? इथे मांडवीत आज आनंद आहे.

माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात माणूस दोनदा दिसतो. पोर्ट्रेट लेन्स हाताने फिरवून दोघांचा एक केला की फोकस जमला. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं की जेमतेम बोटभर जागा स्पष्ट येते, पुढचं-मागचं सगळं धूसर. त्यात आमची ही झोपाळा थांबवत नाही, आणि थांबवला की चेहरा ताठ. म्हणून आजवर प्रत्येक फोटोत गजरा सुरेख, डोळे धूसर. "लग्न गजऱ्याशीच करायचं होतंत," हा टोमणा ठरलेला.

आज सुचलं. पुढे आलेला झोपाळा मागे फिरण्याआधी क्षणभर थबकतो. तिथलाच फोकस आधी लावून ठेवला. ती हसत आली, थबकली, मी बटण दाबलं.

दुपारी मोरीत फिल्म धुतली. भिंगातून पाहिलं, तर पापणीन् पापणी दिसतेय.

निगेटिव्हमध्ये पांढरे केस काळेभोर दिसतात. हिने ती उजेडात धरली आणि म्हणाली, "अहो, हा असाच ठेवा. कागदावर उतरवू नका."

उतरवू की नको? लवकर लिहा, ती फिल्मवर पहारा देत बसली आहे.