उशाकडचा दगड

दर पन्नास पावलांवर चाचा थांबायचे, अख्खे मागे वळायचे आणि म्हणायचे, "मागं बघा, सायेब."

वन खात्यात रोजंदारीवर राबलेला हा माणूस. तिसगावच्या बाजूच्या डोंगरावर लावलेली रोपं मोजायला मला पाठवलं होतं आणि वाट दाखवायला चाचांना. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. मी चिडवायचो, "चाचा, अशानं मान मोडेल."

"जाताना डोंगुर एक तोंड दावतो, येताना दुसरं," ते म्हणायचे. "रस्ता बघून ठेवतो. दुसरं काय न्हाई."

पावसाळी वाऱ्यानं पूर्वेला कललेली झाडंही ते दाखवायचे. मला कौतुक वाटायचं, पण भरवसा माझा मोबाईलवर.

श्रावणातल्या एका दुपारी आम्ही माथ्यावर असताना धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना. पवनचक्क्यांची घरघर चहूकडून येत होती. गावाची वाट पूर्वेला, म्हणून मी मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं आणि तरातरा निघालो. चाचांनी मागून मनगट धरलं.

"एक पाऊल बी टाकू नगा."

चाचपडत त्यांनी मला दगडांच्या एका लांबट ढिगापाशी नेलं. ती कबर होती.

"उशाला ह्यो मोठा दगड. उसं उत्तरंला. आमच्यात मयताला असंच ठेवत्यात. आता उगवतीची बाजू कुठली?"

उशाच्या दगडाकडे तोंड केलं की उजवीकडे. मोबाईल डावीकडे दाखवत होता, आणि डावीकडे कडा. चाचांनी मोबाईलच्या कव्हरचं झाकण उघडमीट करून पाहिलं. ते खटकन चिकटायचं.

"ह्यात लोहचुंबक हाय. बाण येडा झालाय तुमचा."

कव्हर काढताच बाण गर्रकन फिरला. खाली येईपर्यंत चाचांनी माझा हात सोडला नाही.

चहाच्या टपरीवर मी विचारलं, "कबर कुणाची, चाचा?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"धाकट्या भावाची. असंच धुकं हुतं. मी म्होरं, त्यो मागं. वाट मला पाठ हुती, म्हून म्होरंच बघत गेलो. वळलो तवा मागं कुनीच न्हवतं. आठ दिसांनी कड्याखाली घावला. अब्बा म्हनले, वर जिथं चुकला तिथंच ठिवा. दुसरं कुनी चुकाया नगं."

त्यानंतर मी त्यांना कधी चिडवलं नाही.

गेल्या थंडीत चाचा वारले. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मुलांनी त्यांनाही माथ्यावर नेलं.

यंदा पावसात एका नव्या सहकारी बाईंना घेऊन मी मोजणीला गेलो. तेच धुकं, तीच घरघर. मोबाईल खिशातच ठेवला आणि हातानं चाचपत दोन्ही ढिगारे शोधले. शेजारी शेजारी, दोघांच्या उशाला दगड. एकाची माती अजून फुगलेली होती. दगडांकडे तोंड करून उजवीकडची दिशा धरली आणि मी पुढे निघालो, बाई मागून.

पन्नास पावलांपर्यंत धीर निघाला नाही. दहाव्यालाच वळलो. मागे कुणीच नव्हतं.

मी ओरडलो. मग धुक्यातून बाई आल्या, रेनकोटची टोपी सारखी करत.

"सर, मागे काय बघताय?"

"रस्ता," मी म्हणालो. "दुसरं काही नाही."